संवेदक कोठून आणावा?

विज्ञान-प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की शाळेत एक प्रश्न हमखास कानी पडतो : "सर, ही वस्तू कोठे मिळेल?" वस्तू चालते कशी, हा प्रश्न मागाहून येतो, पुष्कळदा तो येतच नाही. यंदा नववीच्या काही मुलांनी पृथ्वीचे चुंबकत्व मोजणारे यंत्र घरी करण्याचा संकल्प केला आणि त्यासाठी लागणारा 'फ्लक्सगेट' संवेदक कोठून आणावा, अशी आमच्याकडे विचारणा केली. आम्ही कला शाखेचे पदवीधर. भाषा शिकविणे हा आमचा व्यवसाय. तरीही या निमित्ताने जे वाचले व पाहिले, त्यावरून बनलेले मत विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे ठेवावेसे वाटते.

प्रथम शंका अशी की, प्रत्येक मोबाइलमध्ये होकायंत्रापुरता चुंबकीय संवेदक असताना हा खटाटोप कशाला? आपल्या भागात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ४०,००० ते ४५,००० नॅनोटेस्लांच्या दरम्यान असते. सूर्यामुळे वातावरणाच्या उंच थरांत विद्युत्प्रवाह वाहतात आणि त्यांच्या योगाने हे क्षेत्र रोज दुपारच्या सुमारास काही दशके नॅनोटेस्लांनी वाढते. मोबाइलच्या संवेदकाची स्वतःची चलबिचल याहून मोठी; तीत हा सूक्ष्म बदल हरवून जातो. फ्लक्सगेट मात्र एका नॅनोटेस्लाचाही फरक टिपू शकतो. १० व ११ मे २०२४ रोजी मोठे चुंबकीय वादळ झाले, लडाखमधील हानले येथे आकाश तांबूस झाले, तेव्हा विषुववृत्ताकडील वेधशाळांत सरासरीने सुमारे ४०० नॅनोटेस्लांची घट नोंदली गेली. असे वादळ आपल्या अंगणात आपण बांधलेल्या यंत्रावर उमटलेले पाहणे, हा आनंद सामान्य नव्हे.

या संवेदकाची युक्ती साधी आहे. सहज चुंबकित होणाऱ्या धातूच्या गाभ्याभोवती तारेचे वेटोळे घालून त्यातून उलटसुलट प्रवाह सोडतात. गाभा दोन्ही दिशांना आळीपाळीने चुंबकत्वाने तुडुंब भरतो. बाहेरचे क्षेत्र नसेल तर दोन्ही बाजू सारख्या; असेल तर एक बाजू किंचित आधी भरते, आणि हा पक्षपात दुसऱ्या वेटोळ्यात विद्युत्संकेत होऊन प्रकटतो. १९३० नंतरच्या दशकात निघालेली ही युक्ती दुसऱ्या महायुद्धात विमानांतून पाणबुड्या हुडकण्याच्या कामी आली. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या आपल्या आदित्य-एल१ यानावरही असेच संवेदक ६ मीटर लांबीच्या दांड्यावर बसविलेले आहेत.

आता तो आणावा कोठून? तयार संवेदक परदेशातून मागविता येतो. 'एफजीएम-३' या नमुन्याचा संवेदक ५ व्होल्टांवर चालतो व त्याचे स्पंद मोजले की क्षेत्र कळते. मात्र किमतीवर टपालखर्च व जकात चढते, आणि तो भार शेवटी बापाच्या खिशावर पडतो. दुसरा मार्ग घरी घडविण्याचा. लाखेची बारीक तांब्याची तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. अडचण गाभ्याची. लोखंडी खिळा येथे चालत नाही; तो सहजी भरत नाही आणि एकदा चुंबकित झाला की चुंबकत्व सोडत नाही. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे फेराइटची कडी मिळाली, तर आरंभाला तीही पुरते. निकेल-लोखंडाची पट्टी त्याहून सरस; पण ती वाकविली वा आपटली की तिचा गुण जातो.

आमच्या घरी चतुर्थीला गणपतीच्या माथ्यावर माटोळी बांधतात. तिचे सगळे साहित्य हल्ली बाजारात मिळते, आणि वेळ नसता ते विकत आणण्यात आम्हांला पाप दिसत नाही. परंतु जो मुलगा वडीलधाऱ्यांबरोबर रानात गेला, त्यालाच आंबाडे, तोरिंग व कवंडळ कोणत्या झाडावेलीवर लागतात हे ठाऊक असते. गेल्या वर्षी आमच्या मुलांनी विकतचा संच सुबक मांडला होता. परीक्षकांनी "आत काय आहे?" असे विचारताच सारे खाली पाहू लागले. दोष मुलांचा नव्हता. तो प्रश्न आम्ही शिक्षकांनी आधीच विचारावयास हवा होता.

आणखी एक गोष्ट कोणत्याही दुकानात मिळत नाही : निवांत जागा. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय वेध घेतले जात. सप्टेंबर १८५९ चे प्रचंड वादळ तेथे नोंदले गेले. पुढे विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरताच, त्यांच्या उपद्रवापासून दूर अलिबागला १९०४ मध्ये नवी वेधशाळा उभी राहिली. तिच्यासाठी पोरबंदरचा चुंबकत्वरहित दगड वापरला, आणि नोंदींची परंपरा तुटू नये म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले गेले. तेव्हा संवेदक लोखंडी खाटेपासून, मोटारीपासून व उन्हापासूनही दूर ठेवावा. शाळेच्या आवारात अशी जागा शोधणे हाही प्रयोगच होय.

आमचे मत थोडक्यात असे : पहिला संवेदक मुलांनी हातांनीच गुंडाळावा, मग तो ओबडधोबड का असेना. आडवा धरून फिरविताना उत्तर-दक्षिण ठेवल्यावर संकेत वाढला व पूर्व-पश्चिम ठेवल्यावर जवळजवळ नाहीसा झाला, म्हणजे गुंडाळी साधली. त्यानंतर दोन-चार शाळांनी वर्गणी काढून एक चांगला संवेदक मागवावा व दोन्ही शेजारी मांडून तुलना करावी. प्रदर्शनातील पाटीवर काय विकत घेतले व काय स्वतः केले, हे स्वच्छ लिहावे. विकतच्या वस्तूला गुण कमी द्यावेत असे आम्ही म्हणत नाही, पण "आत काय आहे?" या प्रश्नाला उत्तर देता आल्यावाचून तिला गुण देऊ नयेत.