किल्ल्यावरच्या वाघाला हाकलू नका

#थ्रेड

दरवर्षी वसुबारसेच्या आसपास समाजमाध्यमांवर एक छायाचित्र फिरू लागते. अंगणात चिखलाचा किल्ला, माथ्यावर महादरवाजापेक्षा दुप्पट उंचीचे सिंहासनाधिष्ठित महाराज, पायथ्याच्या गुहेत वाघ, तोफेशेजारी भाजीवाली आणि बुरुजावर हात दाखवणारा वाहतूक पोलीस. खाली इतिहासप्रेमींचा ठरलेला शेरा असतो : ‘यांना खरा इतिहास कधी कळणार?’ (१)

हा शेरा चुकीचा आहे. त्यामागे इतिहासाविषयी आस्था असेल. पण खेळ म्हणजे काय, याचे भान त्यात नाही. दिवाळीचा किल्ला ही मुळात प्रतिकृती नाहीच, आणि तो तसा नसल्याबद्दल मुलांना दोष देणे म्हणजे सोंगटीला घोडा म्हटल्याबद्दल तिचे पाय मोजण्यासारखे आहे. (२)

पनवेल पाहा. दक्षिणेला कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका, पूर्वेला प्रबळगड आणि त्याला खेटून कलावंतिणीचे टोक. १६६५ च्या पुरंदर तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत कर्नाळाही होता. १६७० मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला. असे दोन खरे गड रोज डोळ्यांसमोर असताना, नव्वदच्या दशकात जुन्या पनवेलच्या वाड्यांत नि चाळींत वाढलेल्या पिढीने अंगणात काय उभारले? बहुतेकदा ना कर्नाळा, ना प्रबळ. (३)

ज्याचे नाव कुठल्याच बखरीत नाही असा, स्वतःचा गड. विटांचे तुकडे, दगड, त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट, भुयारासाठी पत्र्याचा डबा, गेरूचा हात आणि हिरवळीसाठी पेरलेले अळीव. गडाला नाव ठेवण्यावरून अर्धा दिवस भांडण. त्या पिढीतली माणसे आज चाळिशीत आहेत, आणि त्यांना फराळाआधी आठवतो तो नखांतून आठवडाभर न गेलेला चिखल. (४)

किल्ला बांधून झाला की खरा खेळ सुरू होई, आणि टीकाकारांच्या नजरेतून नेमका हाच भाग सुटतो. एकजण किल्लेदार, दुसरा शत्रू, तिसरा हेर. ‘तोफ डागली, तुझे तीन मावळे मेले.’ ‘मेले कसे? ते तटाच्या आड होते.’ ‘तट तिथे पडलाय.’ ‘मग ते भुयारातून पळाले.’ शेवटी गल्लीतला एखादा दादा निवाडा देई : दोघे मेले, एक पळाला, पण भुयाराच्या तोंडाशी वाघ आहे. आता काय करशील? (५)

या एका प्रश्नाला जगाच्या दुसऱ्या टोकाला मोठा इतिहास आहे. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ याचा युद्धखेळ रूढ झाला. त्यात चालींचा निकाल एक पंच देत असे. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात छापले. पुढे अमेरिकेत डेव्ह आर्नेसन याने पलटणींऐवजी प्रत्येक खेळाडूला एकेक व्यक्ती दिली, आणि १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स व आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आला. पहिली आवृत्ती अवघी १,००० प्रतींची. (६)

आर्नेसनच्या त्या काल्पनिक राज्याचा, ब्लॅकमूरचा, गाभा होता मेजावर मांडलेला खेळण्यातला प्लास्टिकचा किल्ला. गायगॅक्सला स्वस्त खेळण्यांच्या पाकिटात काही चित्रविचित्र प्लास्टिकचे प्राणी मिळाले. ते नेमके कोणते प्राणी, हे कोणालाच सांगता येईना. त्याने ते फेकले नाहीत. त्यांना नावे दिली, शक्ती दिल्या. घुबडाचे तोंड असलेले अस्वल आणि लोखंडाला गंज चढवून खाणारा राक्षस हे त्या खेळातले गाजलेले प्राणी त्या पाकिटातूनच आले. (७)

म्हणजे मध्ययुगीन किल्ल्यावर विसंगत प्लास्टिकचा प्राणी ठेवल्याबद्दल अमेरिकेत एका नव्या क्रीडाप्रकाराचे जनक म्हणून मान मिळतो, आणि पनवेलच्या पोराला ‘इतिहासाचे विकृतीकरण’ हे दूषण. दोन्ही ठिकाणी हाताशी जे होते तेच वापरले गेले. आमच्याकडे फासे नव्हते, दादा होता, एवढाच काय तो फरक. (८)

(एक खुलासा. दिवाळीचा किल्ला थेट शिवकाळापासून चालत आला, असे सांगणारे संदेशही याच दिवसांत फिरतात. त्यांत समकालीन कागदाचा हवाला कधी दिलेला नसतो. भाजीवालीचा कालविपर्यास ज्यांना खुपतो, त्यांनी आधी या संदेशांकडे वळावे.) (९)

आता महाराजांच्या आकाराचा आक्षेप. मूर्ती दरवाजातून जाणार नाही, हे सात वर्षांच्या मुलालाही दिसते. खेळात जो महत्त्वाचा, तो मोठा; जुन्या चित्रांतही राजा सेवकांहून थोर काढलेला असतोच. तिथे आपण त्याला शैली म्हणतो. (१०)

अधिक गंभीर आक्षेप असा : हुबेहूब प्रतिकृती केल्याने मुले इतिहास शिकतात. हे काही अंशी खरे आहे. काही मंडळे रायगड किंवा राजगड असा उभारतात की नकाशा पुढ्यात उलगडावा. त्या मेहनतीला नमस्कारच. पण तो तरुणांचा वेगळा उद्योग आहे. त्याचे माप लहानांच्या खेळाला लावले की काय होते? गुण साम्याला मिळतात, म्हणून वडील ड्रोनची छायाचित्रे उतरवून घेतात, काका थर्माकोल कापतात, आणि मूल माहितीफलकाशेजारी उभे राहून पाठ केलेले पाच परिच्छेद म्हणते. चिखलाला त्याचा हातही लागत नाही. (११)

आणि शिकण्याचेच म्हणाल, तर चुकणारे मूल जास्त शिकते. माथ्यावर तळे करावे, पाणी ओतावे आणि ते दहा मिनिटांत मातीत जिरून बुरूज ढासळावा. मग नारळाची करवंटी पुरायची युक्ती सुचते. अशा मुलाला पुढे कर्नाळ्यावर नेले आणि सुळक्याच्या पोटात कातळ कोरून केलेली टाकी दाखवली, तर ती कातळातच का कोरली हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. (१२)

नव्या पनवेलच्या गृहसंकुलांत आज फरशी खराब होते म्हणून मातीला मज्जाव असतो. मग बाजारातून तयार प्लास्टरचा किल्ला येतो, चार दिवस दिसतो आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात पुढच्या वर्षासाठी जातो. त्यावर लढाई होत नाही, कारण रंग उडेल. इतिहासप्रेमींनी संताप राखून ठेवावा तो या खोक्यासाठी. संकुलाच्या सभेत एका कोपऱ्यात ट्रॉलीभर माती मागून घेणे, हे शंभर शेऱ्यांपेक्षा मोलाचे काम आहे. (१३)

स्पर्धा घेणाऱ्यांना एकच विनंती. साम्याचे गुण मोठ्यांच्या गटापुरते ठेवा. लहान गटात परीक्षकाने खाली बसावे, भुयाराकडे बोट दाखवावे आणि ‘इथून कोण पळाले?’ एवढेच विचारावे. उत्तर वीस मिनिटे चालेल. (१४)

भाऊबीज उलटल्यावर या किल्ल्याचे काय होई, हे आता फारसे सांगितले जात नाही. महाराजांची मूर्ती आधी सन्मानाने घरात जाई, मग मावळे, मग वाघ. रिकाम्या गडाच्या पोटात उरलेला सुतळी बॉम्ब खोचला जाई, आणि वात पेटवायची कोणी यावरून पुन्हा भांडण लागे. (१५)