ठेव विकता येत नाही

गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या इस्त्रीवाल्याने उद्या धंदा गुंडाळला, तर त्याच्या टेबलावर पडलेले आपले सदरे आणि साड्या विकून तो गावी जाईल काय? तो कर्जबाजारी असेल, सावकार दारात उभा असेल, घरी लेकरे उपाशी असतील. तरीही ते कपडे त्याचे नव्हेत. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत कोणत्याही चाळीतील गृहिणी हे एका वाक्यात सांगेल. जी नीती इस्त्रीवाल्याला कळते, ती मोठमोठ्या कंपन्यांना आणि त्यांच्यासाठी कायदे करणाऱ्यांना का कळू नये, हा माझा प्रश्न आहे.

प्रश्न पुस्तकी नाही. आमच्या वस्तीतील एक खासगी शिकवणी एका सोमवारी बंद झाली. फलक उतरला, वर्षभराची आगाऊ फी बुडाली. पालकांनी हळहळून कपाळाला हात लावला. पण गोष्ट तेथे संपली नाही. महिन्याभरात दुसऱ्या शिकवण्यांचे आणि शैक्षणिक कर्ज देणाऱ्यांचे फोन सुरू झाले. बोलणाऱ्याला मुलीचे नाव ठाऊक, तिची इयत्ता ठाऊक, गणितात ती कच्ची आहे हेही ठाऊक! ही वही विकली गेली, चोरीला गेली की कुणी नोकराने जाताना उचलली, हे मला सिद्ध करता येणार नाही. पण विचारायचे तरी कुणाला? दुकान मेले होते. वही मात्र जिवंत होती.

मोठ्या दुकानांची रीतही पाहावी. जेट एअरवेज या कंपनीचे मुख्य कार्यालय आपल्याच अंधेरीत, सहार विमानतळाच्या रस्त्यावर होते. तिच्या नियमित प्रवाशांची जेटप्रिव्हिलेज ही सदस्ययोजना २०१४ मध्ये एका वेगळ्या कंपनीकडे गेली आणि अबुधाबीच्या एतिहादने त्या कंपनीत ५०.१ टक्के हिस्सा घेतला. १७ एप्रिल २०१९ रोजी जेटची उड्डाणे थांबली. त्याच वर्षी जूनमध्ये प्रकरण मुंबईच्या न्यायाधिकरणात गेले आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. सदस्ययोजना मात्र नोव्हेंबर २०१९ मध्येच इंटरमाइल्स असे नवे नाव धारण करून पुढे निघाली होती. यात काही बेकायदेशीर घडले असा माझा आरोप मुळीच नाही. सांगायचे ते इतकेच, की विमाने जमिनीवर उभी राहिली तरी प्रवाशांची यादी उभी राहत नाही. यादी हीच मालमत्ता झाली आहे.

अमेरिकेत तर याचा उघड बाजार मांडला गेला. २००० मध्ये टॉयस्मार्ट नावाची खेळण्यांची कंपनी बुडाली. ग्राहकांची माहिती कुणालाही देणार नाही, असे वचन देणाऱ्या या कंपनीने तीच यादी विकायला काढली. सरकारी व्यापार आयोग न्यायालयात गेला, गदारोळ झाला आणि अखेरीस डिस्नीच्या एका कंपनीने ५० हजार डॉलर मोजले, ते यादी नष्ट व्हावी म्हणून. पुढे मार्च २०२५ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी ही कंपनी दिवाळखोरीत गेली. तिच्याजवळ नावे आणि पत्ते तर होतेच; पण सुमारे दीड कोटी माणसांच्या थुंकीतून वाचलेला वंशाचा लेखाजोखाही होता. तो तिच्याच संस्थापिकेच्या नव्या संस्थेकडे ३०.५ कोटी डॉलरच्या व्यवहारात गेला. फोनचा क्रमांक बदलता येतो. आईबापांकडून आलेले रक्त बदलता येत नाही. शिवाय एकाने थुंकी दिली की त्याच्या भावंडांचे आणि मुलांचे गुपितही तिच्याबरोबर जाते. त्यांना कुणी विचारले होते?

आपला कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य कलमे लागू होण्यासाठी तेथून आणखी १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. या कायद्यात संमतीचा आणि माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. पण त्याच्याच कलम १७ मध्ये एक मागचे दार आहे: न्यायालयाने वा न्यायाधिकरणाने मंजूर केलेले विलीनीकरण, विभाजन किंवा उद्योगाचे हस्तांतर असेल, तर त्यासाठी लागणाऱ्या वापराला हे हक्क आड येत नाहीत. म्हणजे ज्या घडीला ग्राहकाला संरक्षणाची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच घडीला छत्री मिटलेली! दंड २५० कोटींपर्यंत होऊ शकतो खरा. पण तो सरकारच्या संचित निधीत जमा होतो. ज्याची माहिती गेली त्याच्या हाती काय? भोपळा.

काही जण म्हणतील, बुडालेल्या कंपनीच्या कामगारांचे पगार थकलेले असतात. यादी विकून त्यांना चार पैसे मिळाले तर तुमच्या पोटात का दुखावे? हा आक्षेप मी हलका मानत नाही. विमानतळाच्या आसपासच्या आपल्या धर्मग्रामांत अशी थकबाकी सोसलेली घरे आहेत. पण २०१६ ची दिवाळखोरी संहिताच याचे उत्तर देते. तिच्या कलम ३६ प्रमाणे, कंपनीच्या ताब्यात असलेली परंतु दुसऱ्याच्या मालकीची ठेव लिलावाच्या मालमत्तेत धरायची नाही. विश्वस्त म्हणून सांभाळलेली वस्तू धरायची नाही आणि कामगारांचे भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटीचे देणेही धरायचे नाही. कामगाराच्या निधीला जो न्याय, तोच ग्राहकाच्या नावागावाला लावा, एवढीच माझी मागणी आहे. दोन्ही ठेवीच आहेत. एका गरिबाचा पगार दुसऱ्या गरिबाचा विश्वास विकून देणे हा न्याय नव्हे. म्हणून त्या कलमात स्पष्ट शब्द घाला: ग्राहकाची वैयक्तिक माहिती ही ठेव आहे, कंपनी मोडली की ग्राहकाने पुन्हा संमती द्यावी, नाहीतर ती नष्ट व्हावी.

आपल्याला ही शिकवण नवी नाही. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरू प्राण गेला तरी उघड करत नाहीत. पश्चात्तापी माणूस मरण पावला तरी ते बंधन सुटत नाही. कॅटेकिझम आठव्या आज्ञेखाली याच्याही पुढे जाते आणि वैद्य, वकील, सैनिक यांच्याकडे विश्वासाने सोपवलेले गुपित राखणे हे कर्तव्य ठरवते. लूकच्या शुभवर्तमानातील अन्यायी कारभारी आठवा. नोकरी जाणार हे कळताच त्याने मालकाच्या ऋणकोंना बोलावून हिशेबाच्या कागदांवरच हात चालवला. प्रभूने त्याची हुशारी वाखाणली, त्याची लबाडी नव्हे. दुकान बंद होण्याच्या वेळीच कारभाऱ्याच्या सचोटीची खरी परीक्षा होते, हे त्या दाखल्यातून आपण शिकायला हवे.

आणि बोट दुसऱ्याकडे दाखवताना तीन बोटे आपल्याकडे वळतात, हेही विसरू नये. सणाच्या सोडतीत कुपनांच्या अर्धुकांवर आपण नावे आणि फोन क्रमांक लिहून घेतो. सोडत झाली की ती कुठे जातात? विवाहासाठी स्थळे जुळवताना भरलेले अर्ज, धर्मग्रामातील कुटुंबांच्या याद्या, सहलीची वही यांची चावी कुणाकडे असते? काम संपताच ते कागद फाडणारा एक जबाबदार माणूस प्रत्येक धर्मग्रामाने नेमावा. घरीही तेच करावे. अर्जात जन्मतारीख कशाला, असे विचारण्यास लाजू नये. ज्याची सेवा आपण सोडली त्याला माझी माहिती पुसा असे लेखी कळवावे, आणि ते त्याचे दुकान चालू असतानाच. कुलूप लागल्यावर पत्र कुणी उघडत नाही.

बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरू पहिला प्रश्न विचारतात तो बाळाच्या नावाचा. त्याच नावाने देवाने आपल्याला हाक मारली, अशी आपली श्रद्धा आहे. ते नाव कुणाच्या बुडीत खात्याची भरपाई करण्यासाठी ठेवलेले नाही.