तळ्याचा तळ कोण पाहणार?

नदीवर किंवा तळ्यावर गेलो की आपण पाणी पाहतो, पक्षी पाहतो. पण तळच्या चिखलाकडे सहसा कोणी पाहत नाही. माझे म्हणणे असे की, पाणवठ्याची प्रकृती तपासायची असेल, तर पहिली नजर चिखलाकडेच गेली पाहिजे.

या चिखलात शिंपले, गोगलगायी, खेकडे, चतुरांची पिले आणि बारीक कृमी राहतात. शिंपले पाणी गाळून त्यातील सूक्ष्म कण खातात. इतर काही प्राणी कुजका पालापाचोळा संपवतात. मासे आणि पाणपक्षी यांच्यावर पोसले जातात. हा सारा संसार पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर चालतो.

आता त्यावर जलपर्णीचे छप्पर पडले तर? ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. सुंदर जांभळ्या फुलांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती आपल्या देशात आणली गेली. अनुकूल हवेत तिचा पसारा पंधरवड्याच्या आत दुप्पट होऊ शकतो. दाट थराखाली ऊन पोहोचत नाही, त्यामुळे पाण्यातील शेवाळे प्राणवायू तयार करू शकत नाहीत. हवेतील प्राणवायूही पाण्यात नीट मिसळत नाही. उलट, मेलेली पाने तळाशी जाऊन कुजतात आणि उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतात. मग शिंपले नाहीसे होऊ लागतात. मागे उरतात त्या मुख्यतः चिलटांसारख्या माशांच्या तांबड्या अळ्या. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असल्याने त्या थोड्या प्राणवायूवरही तग धरतात. शिवाय गोड्या पाण्यातील शिंपल्यांची पिले काही दिवस माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. मासे गेले, की शिंपल्यांची पुढची पिढीही गेली!

समुद्रकाठीही असेच घडते. किनाऱ्याची धूप थांबावी म्हणून १९७९ मध्ये चीनने अमेरिकेतून स्पार्टिना नावाचे गवत आणले. ते भरती-ओहोटीच्या उघड्या चिखलपट्ट्यांवर पसरले. त्याच्या दाट मुळांमुळे चिखलात राहणाऱ्या कित्येक प्राण्यांची आणि तेथे चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्यांची जागा गेली. अखेर २०२२ मध्ये ते उपटण्याची देशव्यापी मोहीम हाती घ्यावी लागली.

भोकरदन समुद्रापासून दूर आहे खरे. पण केळनेचे पाणी पूर्णेत, पूर्णेचे गोदावरीत आणि गोदावरीचे बंगालच्या उपसागरात जाते. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरला रामसर स्थळाचा मान मिळाला आहे. तेथेही जलपर्णीची डोकेदुखी आहेच. आपल्या मराठवाड्यात गुरे खात नाहीत म्हणून कुंपणाला लावलेली बेशरम ओढ्याकाठी उतरली आहे. तिची तुटलेली फांदी पुरात वाहत जाऊन खाली कोठेही रुजते.

काही जण म्हणतात, जलपर्णी सांडपाण्यातील क्षार शोषून घेते, मग असू द्यावी. हे अर्धेच खरे आहे. ती वेळेवर बाहेर काढली, तरच क्षार बाहेर जातात. तेथेच कुजली तर ते पुन्हा पाण्यात येतात. म्हणूनच तणनाशक फवारून ती पाण्यातच मारणे मला पटत नाही, कारण तो सारा पाला शेवटी तळावरच बसतो. ती हाताने वा यंत्राने ओढून काठापासून दूर वाळवावी, तिचे खत करावे. बी गाळात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते, तेव्हा एका श्रमदानाने काम संपत नाही. गावाचे सांडपाणी तळ्यात येणे थांबले नाही, तर सगळी मेहनत वाया जाईल. उन्हाळ्यात गाळ उपसतानाही सारा तळ एकदम खरवडू नये. एखादा पट्टा राखावा, म्हणजे तेथील जीव पुन्हा पसरतील.

शिक्षकांना एक विनंती आहे. यंदा मुलांना घेऊन काठावर जा. गुडघ्याहून खोल पाण्यात मात्र कोणी उतरू नये. जलपर्णीखालचा मूठभर आणि मोकळ्या पाण्याखालचा मूठभर चिखल चाळणीत धुऊन पांढऱ्या बशीत ठेवा आणि भिंगाने प्राणी मोजा. दोन्ही ठिकाणी पाच-पाच वेळा मोजा, कारण एका मुठीवरून निष्कर्ष काढता येत नाही. हा तक्ता दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवा. तळे हिरवेगार दिसते म्हणून समाधान मानणाऱ्या गावाला तळाची खबर द्यायला शाळेइतके योग्य दुसरे कोण आहे?