मोफत औषधाची किंमत

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १८ ने मनोरुग्णास शासकीय उपचारांचा हक्क दिला. आवश्यक औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व शासकीय रुग्णालयांत सदैव मोफत मिळाली पाहिजेत, असे हेच कलम सांगते. परंतु तालुक्याच्या गावी गोळ्या संपल्या, तर सिरोंच्याच्या शेतमजुराला गडचिरोली गाठावी लागते. एस.टी.चे भाडे, त्याची व सोबत्याची बुडालेली मजुरी, ही त्या ‘मोफत’ उपचाराची खरी किंमत होय. ती परवडेनाशी झाली की गोळ्या थांबतात, आजार उलटतो आणि अखेर नागपूरच्या मनोरुग्णालयाची वाट धरावी लागते. शासनाची काटकसर अशी गरिबाच्या मजुरीतून वसूल होते. म्हणून नव्या इमारतींच्या आधी तालुक्यातील औषधसाठ्याची तरतूद अर्थसंकल्पात झाली पाहिजे. कायदा संसदेने केला; त्याचा भार राज्य शासनाने उचललाच पाहिजे.