आपल्या मुलांनी काय पाहावे?

शाळेतून शिकून बाहेर पडलेले विद्यार्थी भेटले, की नोकरी, घर, लेकरे यांची चौकशी होते आणि मग पुष्कळदा प्रश्न येतो, "सर, अलीकडे काय पाहिलंत? मुलांना काय दाखवू?" पूर्वी हा प्रश्न पुस्तकांपुरता असे. आता मोबाइल घरोघरी पोहोचला आहे आणि मूल काहीतरी पाहणारच, हे पालकांनी मान्य केले आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने त्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर लिहावे असे वाटले. निवड माझ्या आवडीची आहे. ती सर्वांना रुचावी असा आग्रह नाही. तिच्यामागच्या निकषाविषयी मात्र माझा आग्रह निश्चित आहे.

जी कलाकृती माणसाची कीव करते, ती कितीही देखणी असली तरी मी तिला सुंदर म्हणत नाही. कीव करणारा नेहमी वरच्या पायरीवर उभा असतो. करुणा खाली उतरते, शेजारी येऊन बसते. धम्मात मैत्री आणि करुणा हे शब्द जोडीने येतात, ते याचसाठी.

भारतीय चित्रपटाने आपल्याकडे प्रथम पाहिले ते कीव करणाऱ्या नजरेने. १९३६ सालच्या 'अछूत कन्या'मध्ये ब्राह्मण मुलगा आणि अस्पृश्य मुलगी यांचे प्रेम जातीच्या भिंतीपाशी अडते आणि शेवटी रेल्वेखाली जीव जातो तो कस्तुरीचा. १९५९ च्या 'सुजाता'त नूतनचा अभिनय आजही डोळे भरून पाहावा असा आहे. पण ज्या घरात सुजाता लहानाची मोठी झाली, त्या घरातल्या आईने तिला 'मुलीसारखी' न म्हणता 'मुलगी' म्हणावे, यासाठी तिला आपले रक्त द्यावे लागते. रक्त देण्यापूर्वी ती कोण होती? बिमल रॉय यांच्या हेतूविषयी मला शंका नाही, आणि त्या काळात असा विषय हाती घेणे हे धाडसच होते. इतिहासाचा शिक्षक म्हणून नववी-दहावीच्या मुलांना हे दोन्ही चित्रपट मी अवश्य दाखवीन. मात्र जुना दस्तऐवज वाचावा तसे, पेन्सिल हातात घेऊन. आचार्य अत्रे यांच्या 'महात्मा फुले' (१९५४) या चित्रपटाची वाट निराळी होती. त्याच्या मुहूर्ताला बाबासाहेब स्वतः उपस्थित होते, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते.

आता 'फँड्री'. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २०१३ मध्ये पूर्ण झाला, पुढच्या वर्षी चित्रपटगृहांत आला आणि त्यावर इतके बोलले गेले की नवीन काय सांगायचे, असे कोणालाही वाटेल. तरीही मी सांगणार आहे, कारण पाहिलेल्या बहुतेकांच्या लक्षात शेवटचा दगड तेवढा राहतो. त्या दगडापर्यंत येण्याआधी चित्रपट जब्याला केवढे तरी आयुष्य देतो! काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडणे, गलोलीचा नेम, मित्राबरोबरची कुजबुज, जत्रेत हलगीवर पडणारी त्याची बोटे, शालूला दिसावे म्हणून चाललेली धडपड आणि तिला दिसू नये म्हणून चाललेली त्याहून मोठी धडपड. जब्या हा 'समस्येचे उदाहरण' नाही. त्याला स्वप्ने आहेत, त्याला लाज वाटते, त्याचे नाक त्याला आवडत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या कोणत्याही मुलाचे असते तसेच त्याचे सारे आहे, आणि म्हणूनच पुढे जे घडते ते सोसवत नाही.

डुक्कर हाती लागत असतानाच शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते. सारे कुटुंब जागच्या जागी स्तब्ध उभे राहते आणि डुक्कर निसटते. थोड्या वेळाने तेच डुक्कर बांबूला बांधून, खांद्यावर घेऊन, जब्या आणि त्याची माणसे शाळेच्या भिंतीवरून जातात. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रे आहेत. कोणी काही बोलत नाही. आपण आपल्या शाळेच्या भिंतींवरही हीच चित्रे मोठ्या श्रद्धेने काढली आहेत. त्या चित्रांसमोरून रोज कोण जाते आणि काय वाहून नेते, हे विचारणारी दुसरी चौकट मी मराठी चित्रपटात पाहिलेली नाही.

काही पालकांचे म्हणणे वेगळे असते. "जे आम्ही भोगलं ते विसरावं म्हणून लेकराला इथं पाठवलं, तुम्ही त्याला पुन्हा तेच दाखवता." हे म्हणणे मी हलके मानत नाही. ज्याने ओझे वाहिले त्याला ते पडद्यावर पुन्हा पाहायचे नसेल, तर तो त्याचा हक्क आहे. पण मूल जग सोडून वसतिगृहात आलेले नसते. सुट्टीत ते गावी जाते, पुढे शहरातल्या महाविद्यालयात जाते, तिथे कोणीतरी त्याला आडनाव दोनदा विचारते. त्या क्षणी त्याच्याजवळ या अनुभवासाठी शब्द असावेत, चित्र असावे, आपण पहिलेच नाही ही जाण असावी. ती जाण कुठे द्यायची? माझ्या मते शाळेतच, आणि पाहून झाल्यावर अर्धा तास गोल बसून, बोलत. चित्रपट लावून शिक्षकाने कार्यालयात जाऊन बसणे याला मी दाखवणे म्हणत नाही. पाचवी-सहावीच्या मुलांना 'फँड्री' दाखवू नये, हेही सांगून ठेवतो, आठवीनंतर ठीक.

दुसऱ्या टोकाला आपले उत्साही माजी विद्यार्थी आहेत. त्यांना 'प्रेरणादायी' चित्रपट हवे असतात : गरीब मुलगा, कंदिलाचा उजेड, शेवटी कलेक्टर. ते जरूर पाहावेत. परंतु वसतिगृहातल्या प्रत्येक खोलीत असा एक तरी मुलगा असतो जो कलेक्टर होणार नाही, जो गणितात दुसऱ्यांदा नापास झाला आहे. त्याच्यासाठी आपल्याकडे कोणता चित्रपट आहे?

माझे उत्तर इराणचे आहे. माजिद मजिदी यांचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७). अली बहिणीचे बूट चांभाराकडून दुरुस्त करून आणताना हरवतो. घरी नवे घेण्याइतके पैसे नाहीत आणि वडिलांना सांगायची हिंमत नाही. मग दोघे भावंडे अलीचा एकच जोड वाटून घेतात. सकाळच्या शाळेतून झहरा धावत गल्लीत येते, बूट काढून देते, आणि दुपारच्या शाळेसाठी अली ते घालून धावत सुटतो. पुढे झहराला आपले हरवलेले बूट शाळेतल्याच एका मुलीच्या पायात दिसतात. भावंडे तिच्यामागून तिच्या घरापर्यंत जातात. बूट मागायचेच या निश्चयाने गेलेली ती मुले, त्या मुलीचे वडील आंधळे आहेत हे पाहतात आणि काही न बोलता परत फिरतात. करुणा हा शब्द मुलांना समजावून सांगताना मला याहून चांगला पाठ सापडलेला नाही. तो पाठ गरिबाने गरिबाला दिलेला आहे, वरून कोणी टाकलेला नाही. धावण्याच्या शर्यतीत अलीला तिसरा क्रमांक हवा असतो, कारण तिसरे बक्षीस बुटांचे आहे. आणि तो पहिला येतो. पहिला आलेला मुलगा रडतो, हे आपल्या मुलांना एकदा तरी पाहू द्या. (हा चित्रपट मात्र अगदी पाचवीपासून चालेल. भाषेची अडचण मुलांना आपल्यापेक्षा कमी वाटते.)

महाविद्यालयात गेलेल्यांनी 'कोर्ट' पाहावा. चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटात लोकशाहीर नारायण कांबळे यांची भूमिका करणारे वीरा साथीदार हे नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते. २०२१ च्या कोरोनाने त्यांना नेले. शाहिराच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप आहे. त्या कामगाराची पत्नी साक्ष देते तेव्हा तिचा आवाज कुठेही चढत नाही. नवरा आत उतरण्यापूर्वी झुरळे बाहेर येतात का ते पाहायचा, एवढे ती सांगते. एखादा नाटककार तिथे तिला आक्रोश करायला लावता. इथे कॅमेरा दूर, स्थिर राहतो आणि आपणच अस्वस्थ होतो. आनंद पटवर्धन यांचा 'जयभीम कॉम्रेड' (२०११) तीन तासांहून मोठा आहे. ११ जुलै १९९७ च्या रमाबाई नगरातील गोळीबारात दहा जणांचे प्राण गेले आणि चार दिवसांनी विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले, तेथून हा माहितीपट सुरू होतो. तो एका बैठकीत पाहू नका, पण सगळा पाहा.

पुस्तकांत एकच सांगतो, कारण 'बलुतं' आणि 'फकिरा' आपल्या ग्रंथालयात आहेतच. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आपल्या मुलींनी आणि त्यांच्याहूनही अधिक आपल्या मुलांनी वाचावे. फलटणला छोटेसे दुकान चालवत, घरच्यांपासून कागद लपवून ठेवत त्यांनी ते लिहिले. महारवाड्यातल्या दारिद्र्याचे वर्णन करणारी पुस्तके पुष्कळ आहेत. परंतु त्याच महारवाड्यात सुनेचे हाल कोण करीत होते, हे इतक्या निर्भीडपणे फार थोड्यांनी लिहिले. आपल्या माणसांवर माया आणि त्यांची उलटतपासणी, दोन्ही एकाच वाक्यात. पुढे त्यांनी निंबुरे येथे आश्रमशाळाही चालवली, ही बाब निवासी शाळेच्या स्मरणिकेत नोंदवून ठेवायला हवी.

आणि अजिंठा. आपल्या सहली तिथे जातात, पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहतात, छायाचित्रे काढतात आणि त्याच दिवशी वेरूळ उरकतात. माझी विनंती सोळाव्या लेण्यासाठी आहे. वाकाटक राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याने ते कोरवून घेतले. डावीकडच्या भिंतीवर तथागतांचा भाऊ नंद याची कथा आहे. नंदाने प्रव्रज्या घेतल्याची वार्ता ऐकून त्याची पत्नी सुंदरी कोसळते आहे. मान कलली आहे, पापण्या मिटत आल्या आहेत, दासी तिला मागून सावरते आहे. विचार करा, हा भिक्खूंचा विहार आहे. घर सोडणाऱ्याचा गौरव करणाऱ्या वास्तूत चित्रकाराने मागे राहिलेल्या स्त्रीच्या दुःखाला एवढी जागा दिली आणि विहाराने ती देऊ दिली. पंधराशे वर्षे ते चित्र तिथे आहे. आत शिरल्याबरोबर काहीच दिसत नाही. मुलांना पाच-दहा मिनिटे शांत उभे करावे, म्हणजे डोळे अंधाराला सरावतात आणि सुंदरीचा चेहरा हळूहळू वर येतो. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढे पाहून सहलीची तारीख ठरवावी.