सांदण दरी बघा, पण साम्रदला जेवा

देवळाली कॅम्पातून सुटीच्या दिवशी निघालेल्या गाड्या भगूर, पांढुर्ली करीत घोटीला लागतात. बिस्किटे, पाण्याच्या बाटल्या, डिझेल सगळे तिथेच भरून घेतात आणि बारीचा घाट चढून शेंडीला, म्हणजे भंडारदऱ्याला पोहोचतात. शेंडी हे या डोंगरमुलखाचे दार. हॉटेले, होड्या, दुकाने सगळे तिथेच. खरी सांदण दरी मात्र पुढे साम्रदला. काळ्या पाषाणाला पडलेली ही भेग; दोन्ही बाजूंना २००-३०० फूट कडे आणि लांबी सुमारे दोन किलोमीटर. खाली उतरले की थेट कोकण.

दरी साम्रदची, कमाई दाराशी, असा हा व्यवहार आहे. आणि तो या भागाला नवा नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. पाणी प्रवरेच्या कालव्यांनी राहुरी-श्रीरामपूरकडे गेले, तिकडे ऊस पिकला, कारखाने उभे राहिले. ते व्हायलाच हवे होते. पण धरणाच्या वरची गावे भात, नागली, वरईवरच राहिली. आता पर्यटनाचा पैसाही त्याच वाटेने खाली जाणार काय?

साम्रदची पोरं वाटाड्या म्हणून जातात, काही घरी भाकरी मिळते, तंबूही लागतात. पण पुष्कळ मंडळी शहरातच पैसे भरून येतात. गावाच्या हाती काय पडणार ते तिकडचा माणूस ठरवतो. बाटल्या नि प्लास्टिक मात्र गावात राहते.

ग्रामसभेने ठराव करावा. गावचा वाटाड्या घेतल्याशिवाय कुणी दरीत उतरू नये, त्याचा दर फळ्यावर लिहावा, नेलेला कचरा परत आणावा. मुलूख अभयारण्याचा, तेव्हा वन खात्याला बरोबर घ्यावेच लागेल. अन् पावसाळ्यात दरी बंद म्हणजे बंद! वर पठारावर सर आली की खाली लोंढा येतो आणि त्या अरुंद जागेत बाजूला सरायला वाट नसते. जूनच्या तोंडावर काजवे बघायला गर्दी होते, तेव्हा तर पाऊस दारातच असतो. कुणी साहेबाची ओळख सांगितली तरी सरपंच, पोलीस पाटलांनी ऐकू नये. शोधायला दोर घेऊन शेवटी गावच्याच पोरांना उतरावे लागते.

आणखी एक. शेंडीच्या हॉटेलवाल्यांनी तांदूळ, नागली घोटीच्या बाजारातून आणण्यापेक्षा साम्रद-घाटघरच्या खळ्यावरून घेतली तर त्यांचे काय बिघडते?