आढाव्यात काय आले नाही, तेही विचारा

‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ एवढे ऐकले की आपण मान डोलावतो. आमचे म्हणणे आहे की त्यापुढे एक प्रश्न विचारायलाच हवा : सगळे संशोधन पाहिले का?

एकाच औषधावर जगभर अनेक चाचण्या होतात. त्या शोधून, तपासून एकत्रित निष्कर्ष काढतात, त्याला ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’ म्हणजे पद्धतशीर आढावा म्हणतात. एकट्या चाचणीपेक्षा त्याला जास्त वजन असते आणि ते योग्यच आहे. पण पंचांपुढे एकाच बाजूचे साक्षीदार आले, तर निकाल कसा लागेल?

२००९ साली स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला. जेऊरची कितीतरी मुले शिक्षणासाठी, कामासाठी पुण्यात. गावातही धास्ती पसरली. ‘टॅमिफ्लू’ हे नाव तेव्हा घरोघरी पोचले. या औषधाने गुंतागुंत टळते, रुग्णालयात भरती व्हावे लागत नाही, या समजाला मोठा आधार होता २००३ च्या एका लेखाचा. त्यात १० चाचण्या एकत्र केल्या होत्या, पण पूर्ण छापून आलेल्या फक्त २. लेखकांपैकी काही जण औषध बनवणाऱ्या रोश कंपनीचेच नोकर होते. ‘कॉक्रेन’ या स्वतंत्र संस्थेच्या आढाव्यानेही तो लेख ग्राह्य धरला.

बाकीच्या ८ चाचण्या कुठे आहेत, हा प्रश्न २००९ मध्ये जपानचे बालरोगतज्ज्ञ केजी हयाशी यांनी विचारला. पूर्ण अहवाल हाती यायला २०१३ उजाडले. २०१४ चा निष्कर्ष असा : मोठ्या माणसांचा त्रास ७ दिवसांऐवजी सुमारे ६.३ दिवसांत थांबतो. रुग्णालयातली भरती कमी होते असा पुरावा नाही. मळमळ, उलट्या मात्र वाढतात. तोवर अनेक सरकारांनी जनतेचा पैसा साठ्यांवर घातला होता. गंभीर रुग्णाला डॉक्टर आजही हे औषध देतात. त्यांना न विचारता कोणतेही औषध बंद करू नये.

न छापलेल्या चाचण्या हे पक्षपाताचे एक कारण. आणखीही आहेत. फक्त इंग्रजीतले लेख घेणे, सोयीचे मोजमाप पुढे करून गैरसोयीचे मागे ठेवणे, एकच चाचणी दोनदा मोजणे, आणि खर्च कोणी केला ते न सांगणे.

आपल्याकडे १५ जून २००९ पासून औषधाची चाचणी सुरू करण्याआधी सरकारी नोंदवहीत नोंद सक्तीची आहे. हे चांगलेच झाले. पण नोंद झाली म्हणजे निकाल लोकांपुढे आलाच, असे नाही. चाचणीत माणूस स्वतःचे शरीर देतो. त्याच्या शरीरावर मिळालेले उत्तर कपाटात कुलूपबंद ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही. चांगला असो वा वाईट, प्रत्येक निकाल जाहीर झाला पाहिजे, ही मागणी आपण केली पाहिजे.

आणि पुढच्या वेळी कुणी ‘सिद्ध झाले’ म्हणाले, तर शांतपणे विचारा : किती चाचण्या झाल्या, किती पाहिल्या, आणि पैसा कुणाचा होता?